मामा तलावातील मरळ आणि शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र: पूर्वमूल्यांकनाचा अनुभव

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेला एक अहवाल मिळाला आणि जानेवारी २०२३ पासून चाललेले काम एकदाचे मार्गी लागले. आमच्या तलावातील मरळीची मासेमारी शाश्वत मासेमारीच्या प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या पूर्ण मूल्यांकनाला उतरण्याइतकी आज तयार नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. प्रमाणपत्र मिळालेले नाही हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. पूर्वमूल्यांकन हा पहिला टप्पा मात्र आम्ही पार पाडला, आणि तो पार पाडताना कोणते कागद लागतात, कुठे थांबावे लागते, खर्च किती येतो आणि प्रश्न कशा प्रकारचे विचारले जातात, हे नीट कळले. या विषयावर मराठीत मला काही वाचायला मिळाले नव्हते. इंग्रजीत जे होते ते बहुतेक समुद्रातल्या मोठ्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या संस्थेच्या सचिवावर हे काम येऊन पडले, तर त्याचे पहिले काही महिने तरी वाचावेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

मी संस्थेचे दप्तर सांभाळते. आमचे गाव गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे आणि संस्थेचे बहुतेक सभासद ढिवर समाजाचे आहेत. तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला; अशा माजी मालगुजारी तलावांनाच थोडक्यात मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाने या भागात जे हजारो तलाव बांधले, त्यांपैकीच हा एक. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि सिंचन एका खात्याकडे, जमीन दुसऱ्याकडे, मासेमारीचा ठेका तिसरीकडे अशी त्यांची वाटणी झाली. ही वाटणी पुढे आमच्या कागदपत्रांत वारंवार आडवी आली, म्हणून तिचा उल्लेख येथेच करून ठेवते.

आमच्या तलावात दोन प्रकारची मासळी असते. रोहू, कतला आणि मृगळ यांची बोटुकली आम्ही दर पावसाळ्यात विकत आणून सोडतो. साचलेल्या पाण्यात या जाती अंडी घालत नाहीत, त्यामुळे सोडल्या नाहीत तर त्या वर्षी मिळत नाहीत. दुसरी मासळी तलावाची स्वतःची: मरळ, वाघूर, शिंगी, वाम, झिंगे आणि बारीक मासळीच्या कितीतरी जाती. वजनात पहिला प्रकार भारी असला तरी भाव दुसरा खातो. मरळीला किलोमागे रोहूच्या दुपटीहून अधिक पैसे मिळतात, कारण ती बराच वेळ जिवंत राहते आणि गिऱ्हाइकाला ती जिवंतच हवी असते.

जानेवारी २०२३ मध्ये नागपूरच्या एका खरेदीदाराने विचारणा केली. त्याला मरळ नियमित हवी होती. पण ती नैसर्गिक पाण्यातली आहे, तलाव ओरबाडून काढलेली नाही आणि तिच्यात बंदी असलेल्या थाई मांगूर या परदेशी माशाची भेसळ नाही, याचा काही पुरावा मिळेल का, असे तो म्हणाला. परदेशी मासळीच्या डब्यावर निळ्या माशाची खूण असते, तसे काही तुम्हाला मिळवता येईल का, हेही त्यानेच सुचवले. संस्थेच्या मासिक सभेत हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांना तो सरकारी योजनेचा एखादा फॉर्म वाटला. चौकशीचे काम माझ्याकडे आले.

पहिले दोन-तीन महिने केवळ कोणते प्रमाणपत्र कशासाठी असते हे समजून घेण्यात गेले. ती निळी खूण मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेची आहे. युनिलिव्हर ही कंपनी आणि वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये तिची स्थापना झाली. नावात समुद्र असला तरी गोड्या पाण्यातील मासेमारीलाही तिचे दार उघडे आहे. अट एवढीच, की मासळी नैसर्गिकरीत्या वाढलेली आणि पकडलेली असावी. शेततळ्यात किंवा पिंजऱ्यात खाद्य घालून वाढवलेल्या मासळीसाठी ॲक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिल ही वेगळी संस्था २०१० मध्ये सुरू झाली. आपल्याकडच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमातही मत्स्यशेतीचे निकष आहेत. आमचा तलाव या खणांच्या मधोमध उभा होता. सोडलेली मासळी पूर्णपणे नैसर्गिक म्हणता येत नव्हती आणि खाद्य न घालता केलेल्या कामाला कोणी मत्स्यशेतीही म्हणत नव्हते.

भारतात कोणाला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले आहे का, हे शोधताना केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील अष्टमुडी सरोवराचे उदाहरण सापडले. तेथील शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये हे प्रमाणपत्र मिळाले आणि देशातले ते पहिले ठरले. निर्यातीच्या हव्यासापायी शिंपले घटल्यानंतर तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंद ठेवला जाऊ लागला, जाळ्याच्या आसाचे (भोकाचे) किमान माप ठरले आणि फार लहान शिंपले बाजारात जाण्यावर बंधन आले. हे सगळे प्रमाणपत्राच्या पुष्कळ वर्षे आधी सुरू झाले होते. ही बाब मी सभेत मुद्दाम सांगितली, कारण फॉर्म भरल्यावर साहेब येतात, पाहणी करतात आणि कागद देतात, अशी जी समजूत होती ती तिथेच मोडणे आवश्यक होते.

खर्चाचा आकडा ऐकून सभेत शांतता पसरली. पूर्ण मूल्यांकनाला साधारणपणे १५,००० ते १,२०,००० अमेरिकी डॉलर लागतात असे सांगितले जाते, आणि ते पैसे मूल्यांकन करणाऱ्या मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेला द्यायचे असतात. त्यातला सर्वांत खालचा आकडा रुपयांत धरला तरी आमच्यासारख्या संस्थेने त्याचा विचारही करू नये असा तो आहे. शिवाय प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते आणि दरवर्षी देखरेखीची तपासणी होते, म्हणजे खर्च एकदाच करून सुटका नाही. मात्र पूर्वमूल्यांकन ऐच्छिक असते, ते बरेच स्वस्त पडते आणि आपण कुठे कमी पडतो हे त्यातून कळते. जिल्ह्यात तलावांवर काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेच्या ओळखीने मत्स्यशास्त्राच्या एका अभ्यासक मॅडम भेटल्या. त्यांना गोड्या पाण्यातल्या अशा उदाहरणावर काम करायचे होते, त्यामुळे त्यांनी शुल्क घेतले नाही आणि प्रवास, मुक्काम, छपाई एवढाच भार आम्ही उचलला. एप्रिल २०२३ च्या सभेत तसा ठराव झाला. सगळ्यांनाच अशी व्यक्ती भेटेल असे नाही. पण कृषी किंवा मत्स्य महाविद्यालयांकडे विचारून पाहायला हरकत नाही, कारण विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी विषय हवेच असतात.

मॅडमनी पहिल्याच भेटीत रोहू, कतला आणि मृगळ बाजूला काढले. मत्स्यबीज सोडून वाढवलेली मासळी या मानकात बसू शकते, पण त्या साठ्याचा काही भाग दरवर्षी बीज न सोडताही स्वतःच्या प्रजननावर टिकला पाहिजे, आणि आमच्या तलावात तसे होत नाही. सभासदांना हे पचवायला जड गेले. संस्थेचे मुख्य उत्पन्नच वगळल्यावर उरले काय, असा अध्यक्षांचा प्रश्न रास्त होता. अखेर एक जात, तिच्यासाठी वापरली जाणारी साधने आणि ती पकडणारे सभासद असे मूल्यांकनाचे एकक ठरले: मरळ, फेकजाळे, पाण्यात रात्रभर लावून ठेवायचे जाळे आणि गळ, आणि आमच्या संस्थेचे सभासद. हे एकक जेवढे लहान ठेवाल तेवढे काम आवाक्यात राहते, असे मी अनुभवावरून सांगेन.

त्यानंतर कागदपत्रे. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी, मागील लेखापरीक्षण अहवाल, ठेक्याचा करार आणि ठेका भरल्याच्या पावत्या आमच्याकडे होत्या. तलावाचा अधिकृत नकाशा आणि पाणी भरल्यावरचे क्षेत्रफळ मात्र नव्हते. ज्या कार्यालयात ते असायला हवे होते तेथून आम्हाला दुसरीकडे पाठवले गेले, तेथून पुन्हा पहिल्याकडे, आणि असा पावसाळा निघून गेला. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर ऑक्टोबरमध्ये नकाशाची प्रत मिळाली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि पानांचे पैसे एवढाच त्याचा खर्च. हा अर्ज पहिल्याच दिवशी करून टाकावा, तोंडी विनवण्यांत वेळ घालवू नये.

एक कागद असा निघाला ज्याची किंमत आम्हाला ठाऊक नव्हती. मासेमारीवर पोट असलेल्या लोकांचे कायद्याने किंवा वहिवाटीने चालत आलेले हक्क मानले जातात काय, असा एक प्रश्न या मानकात आहे. त्याला उत्तर म्हणून आम्ही गावचे निस्तारपत्रक जोडले. जुन्या मध्य प्रांताचा भाग असल्यामुळे आपल्याकडे गावोगाव हे पत्रक असते आणि तलाव, चराई, सरपण यांच्या वापराच्या नोंदी त्यात असतात. तलाठी कार्यालयातून त्याची नक्कल मिळते. मॅडमनी ती नक्कल पाहिल्यावर असा लेखी पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो असे सांगितले. आमच्याकडे ती कपाटात पडून होती.

सर्वांत जास्त काळ गेला तो नोंदवहीत. मासेमारीचा आमचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो, त्यामुळे डिसेंबर २०२३ ते मे २०२४ हा एक अख्खा हंगाम आम्ही रोज नोंदी ठेवल्या. तारीख, कोणते साधन, किती माणसे, जाळे किती वेळ पाण्यात होते, प्रत्येक जातीचे वजन, मरळीची संख्या आणि लांबी, आणि सोडून दिलेले जीव असे रकाने केले होते. संस्थेच्या हिशेबात आजवर केवळ वजन आणि रक्कम लिहिली जात असे. किती कष्टात किती मासळी मिळाली हे त्यातून कळत नाही, आणि साठा वाढतो की घटतो याचा अंदाज लावायला नेमके तेच लागते. आधीच्या वर्षांची विक्रीची पुस्तके त्यामुळे फारशी उपयोगी पडली नाहीत.

पुरुष मंडळी पहाटे जाळी काढून थकून येत आणि लिहायला बसण्याची त्यांची तयारी नसे. पारावर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासळी वेगळी करण्याचे काम बायका करतात, तेव्हा नोंदीचे कामही त्यांच्याकडेच द्यायचे ठरले. तोपर्यंत बारीक मासळी मोजलीच जात नव्हती. ती टोपलीत बाजूला पडे आणि घरोघरी वाटली जाई. तिचे वजन लिहायचे म्हटल्यावर आपल्या कालवणाच्या वाट्यावर आता संस्था हिशेब लावणार की काय, अशी शंका निघाली. वाटा तसाच राहील, फक्त काट्यावरून जाईल, हे समजावून सांगावे लागले. डिजिटल वजनकाटा २,८०० रुपयांना आणला. लांबी मोजण्यासाठी सुताराकडून एक पाटी करून घेतली, तिच्यावर सेंटिमीटरची पट्टी ठोकली आणि एका टोकाला आडवी फळी लावली. जिवंत मरळ त्या पाटीवर क्षणभरही स्थिर राहत नाही. ओल्या गोणपाटाने तिचे डोळे झाकले की ती शांत होते, ही युक्ती मासळी विकणाऱ्या एका मावशींची. नोंदींसाठी छापील रकान्यांची जाड वही करून घ्यावी. सुट्या कागदांवरच्या पहिल्या पंधरवड्याच्या नोंदी ओल्या होऊन वाचण्यापलीकडे गेल्या होत्या.

जून २०२४ मध्ये मृगाचे पाणी पडले आणि ज्याची मला धास्ती होती तो विषय पुढे आला. पहिल्या मोठ्या पावसात तलावातली मासळी सलंगाच्या (तलावाचे जादा पाणी बाहेर पडते त्या वाटेच्या) बाजूने आणि धुऱ्यांवरून वर धानाच्या बांध्यांत चढते. या चढणीच्या मासळीवर अख्खे गाव तुटून पडते. पोरे काठ्या घेऊन येतात, कोणी मच्छरदाण्या लावतो, कोणी टोपल्या आडव्या धरतो. त्यात अंड्यांनी भरलेल्या माद्या जास्त असतात. संस्थेचे सभासद त्या दिवसांत तलावात जाळे टाकत नाहीत, हा आमचा जुनाच नियम आहे. पण बांधी ज्याची त्याची आणि पाऊस सगळ्यांचा, तेव्हा बाकीच्या गावाला आम्ही कोणत्या तोंडाने अडवणार? मॅडमनी हा सगळा प्रकार छत्री धरून उभ्या राहून पाहिला आणि वहीत लिहून घेतला. वर्षातून चार दिवसांचा हा आनंद आहे आणि तो पूर्णपणे बंद व्हावा असे मलाही वाटत नाही. मच्छरदाणीचा वापर मात्र थांबला पाहिजे, कारण तिच्यातून बोटाएवढेही पिल्लू सुटत नाही.

मूल्यांकनाची मुख्य भेट दसरा-दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. मॅडमबरोबर एक सहकारी होते आणि तीन दिवस ते गावातच राहिले. या मानकाची तीन तत्त्वे आहेत: ज्या जातीची मासेमारी होते तिचा साठा टिकून असावा, मासेमारीमुळे इतर जीवांना आणि अधिवासाला धक्का बसू नये, आणि व्यवस्थापन परिणामकारक असावे. प्रत्येक तत्त्वाखाली अनेक निर्देशक असतात आणि त्यांना १०० पैकी गुण मिळतात. एकाही निर्देशकाला ६० च्या खाली गुण चालत नाहीत आणि प्रत्येक तत्त्वाची सरासरी किमान ८० असावी लागते. ६० ते ८० च्या मधल्या निर्देशकांसाठी सुधारणेच्या अटी घातल्या जातात.

आमच्यासारख्या ठिकाणी साठ्याचा शास्त्रीय अंदाज उपलब्ध नसतो. त्यासाठी जोखमीवर आधारित एक पद्धत आहे आणि तिच्यात मच्छीमारांना बसवून माहिती घेतली जाते. समाजमंदिरात जमिनीवर खडूने तलाव काढला. पार कुठे, तुडुम (शेतीला पाणी सोडण्याची मोरी) कुठे, सलंग कुठे, कमळ कुठे, देवधान (जंगली भात) कुठे, उन्हाळ्यात पाणी शेवटी कुठे उरते, हे सगळे माणसांनीच सांगितले. मग प्रश्न सुरू झाले. मरळ किती वर्षे जगते? कितव्या वर्षी अंडी घालते? अंडी किती? सर्वांत मोठी किती लांबीची पाहिली? ती काय खाते? एक वृद्ध सभासद म्हणाले, "मरळ किती वर्सं जगते हे आमी कायले मोजाव? जाळ्यात आली का तिचं वर्स सरलं." हसण्याचा भर ओसरल्यावर त्यांनीच पुढचा अर्धा तास जे सांगितले, ते मॅडमना कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते.

मरळीची जोडी उथळ पाण्यातल्या झाडोऱ्यात जागा साफ करून अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. पिल्ले लालसर केशरी असतात. त्यांचा मोठा घोळका पाण्यावर येतो, श्वास घेतो आणि पुन्हा खाली जातो. तेव्हा त्या जागी पाणी उकळल्यासारखे दिसते. मोठी मासळी त्याच्या अगदी खाली असते. घोळक्याच्या मधोमध गळ सोडला, की पिल्लांवर काही चालून आले असे समजून ती झडप घालते. "पिल्लं सोडून मरळ जात नाई, म्हनूनच ते सापडते," असे त्या सभासदांनी सांगितले. पुढचे त्यांनी सांगितले नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते: आईबाप गेल्यावर ती पिल्ले इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातात. गळाच्या या पद्धतीविषयी माझे सासरे पूर्वीपासून नाराज होते. त्या दिवशी प्रथमच ती नाराजी संस्थेच्या कागदावर आली.

गुणांकनाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक वैशिष्ट्याला कमी, मध्यम किंवा अधिक जोखीम दिली जाते. मरळीचे आयुष्य दहा वर्षांच्या आतले धरले गेले आणि ती लवकर वयात येते, त्यामुळे या दोन्ही बाबींत जोखीम कमी निघाली. ती इतर मासे खाऊन जगते, अन्नसाखळीत वरच्या पायरीवर आहे, म्हणून तेथे जोखीम अधिक. मासेमारीचे क्षेत्र आणि मरळीचे क्षेत्र किती जुळते, हा पुढचा प्रश्न. आमच्या तलावाच्या एका कोपऱ्यात देवधान आणि कमळ इतके दाट आहे की तेथे जाळे फाटते, म्हणून कोणीच डोंगा घालत नाही. हा राखीव भाग आमच्या बाजूने मोजला जाईल अशी मला फार आशा होती. परंतु मासळीच्या क्षेत्राचा ३० टक्क्यांहून अधिक भाग जाळ्याखाली येत असेल तर जोखीम अधिकच धरली जाते, आणि तो कोपरा वगळूनही आमच्या तलावाचा बराच मोठा भाग जाळ्याखाली येतो. लहान तलावांना ही अडचण राहणारच. समुद्राच्या मापाने बनवलेल्या कसोटीत चाळीस-पन्नास हेक्टरचा तलाव कधीही सहज उतरणार नाही, असे माझे मत झाले आहे. अधिवासाच्या निर्देशकात मात्र तो कोपरा आमच्या कामी आला.

मासळी विकणाऱ्या बायकांची बैठक वेगळी घेतली. पूर्वी किलोत दोन मरळी बसत, आता चार-पाच चढवाव्या लागतात, हे त्यांनी एकमुखाने सांगितले. लांबीच्या पाटीवरच्या नोंदींतूनही तेच निघत होते. संख्या टिकून असली तरी आकार घटतो आहे, ही बाब साठ्याच्या दृष्टीने सर्वांत काळजीची ठरली.

दुसऱ्या तत्त्वाची पाहणी डोंग्यातून झाली. जाळ्यात सापडणारे, पोटाला झडप असलेले मऊ पाठीचे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते आम्ही सोडून देतो. नोंदवहीत सोडून दिलेल्या जिवांचा रकाना होता म्हणूनच ते दाखवता आले. सारस हा दुसरा विषय. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि आमच्या तलावाच्या काठी ते चरायला येतात. घरट्याच्या आसपास जाळी लावता काय, दोऱ्याचे तुकडे पाण्यात टाकता काय, असे बारीक प्रश्न झाले. फाटक्या नायलॉन जाळ्यांची गुंडाळी पारावरच पडलेली असते, ती मॅडमच्या सहकाऱ्यांनी न बोलता फोटोत घेतली. बेशरमाच्या झुडपांनी तलावाची एक बाजू वेढली होती. ती काढून तेथे पाणवनस्पती पुन्हा रुजवण्याचे काम संस्थेने काही वर्षांपूर्वी केले होते. त्या कामाची मजुरीची हजेरीपत्रके सापडली आणि पुरावा म्हणून जोडली गेली. हजेरीपत्रके टाकून देऊ नयेत.

भेटीनंतर तीन महिने वाट पाहण्यात गेले. अहवालात प्रत्येक निर्देशकापुढे तीनपैकी एक पट्टा असतो: ६० च्या खाली, ६० ते ७९, किंवा ८० व त्यावर. अधिवास आणि वहिवाटीच्या हक्कांत आम्ही वरच्या पट्ट्यात आलो. चढणीच्या मासळीमुळे अंमलबजावणीचा निर्देशक मधल्या पट्ट्यात गेला. साठ्याची माहिती एकाच हंगामाची असल्यामुळे तीही मध्येच राहिली. ६० च्या खाली गेलेला निर्देशक मासेमारीच्या नियमासंबंधीचा होता: मरळ कमी होऊ लागली तर किती कमी झाल्यावर काय करायचे, हे आधीपासून ठरलेले आहे काय? तसे काही ठरलेले नव्हते. मासळी कमी झाली की आजवर आम्ही जाळी वाढवत आलो आहोत. हा एकच निर्देशक पूर्ण मूल्यांकन अडवायला पुरेसा आहे.

सगळा मिळून संस्थेचा खर्च ३८,००० रुपयांच्या आसपास झाला. त्यात मुक्काम, जेवण आणि प्रवास हा मोठा भाग, उरलेल्यात काटा, वह्या, झेरॉक्स आणि गोंदियाच्या फेऱ्या. नोंदी ठेवणाऱ्या बायकांना हंगामाचे मानधन दिले, ते यात धरलेले नाही. ते संस्थेच्या नेहमीच्या खर्चात टाकले. खरेदीदाराला अहवालाची प्रत दिली. त्याने भाव वाढवलेला नाही, मात्र हंगामभर मरळ घेण्याचे लेखी मान्य केले आहे आणि लहान मरळ परत पाठवीन असेही त्याच कागदात लिहिले आहे. ही दुसरी अट आमच्या पथ्यावरच पडली, कारण घरातल्याच माणसाला लहान मासळी सोडायला सांगणे मला जमत नव्हते.

तलावातल्या जाती, त्यांची स्थानिक नावे, पाणवनस्पती आणि चढणीच्या जागा यांची माहिती आम्ही ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे दिली आणि ती लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घेतली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असणे अपेक्षित आहे. आमच्याकडे ती कागदावर होती, तिची बैठक या निमित्ताने झाली. यासाठी पैसे पडत नाहीत. मोठे प्रमाणपत्र परवडत नसेल तर एवढे तरी जरूर करावे, कारण पुढे तलावात कोणी भराव टाकायला किंवा पाणी उपसायला आला तर हातात दाखवायला एक सरकारी नोंद राहते.

मार्च २०२५ च्या विशेष सभेत नियम ठरवायला बसलो आणि वाद चांगलाच रंगला. तरुण सभासदांना गळ बंद करणे मान्य होते, पण जाळ्यांच्या संख्येवर मर्यादा नको होती. वयस्करांचे नेमके उलट. अखेर पुढील ठराव झाला. पिल्लांच्या घोळक्यावर गळ टाकायचा नाही. ३० सेंटिमीटरपेक्षा लहान मरळ पाण्यात परत सोडायची. एका रात्रीच्या एका जाळ्यामागे मिळणारी मरळ मागील हंगामाच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाखाली सलग महिनाभर राहिली, तर त्या हंगामात मरळीसाठी जाळे लावणे थांबवायचे. मच्छरदाणीबंदीचा विषय ग्रामसभेकडे पाठवला असून तो अजून चर्चेला आलेला नाही. दोन-तृतीयांश हा आकडा योग्य आहे की नाही, हे आणखी दोन हंगामांच्या नोंदी जमल्यावर मॅडम तपासून देणार आहेत, आणि तोपर्यंत पूर्ण मूल्यांकनासाठी कोणाकडेही अर्ज करायचा नाही, असे ठरावाच्या शेवटच्या कलमात लिहिले आहे.